घाट दोन्ही चाकांना सारखाच असतो

महोदय,

कालच्या वाहन पुरवणीतला ब्रेकवरचा लेख वाचला. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं ते डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, खराब झाल्यामुळे, आणि डिस्क खराब होते ती चालक घाटात ब्रेकवर पाय ठेवून बसतो म्हणून, असा एकंदर निवाडा. लेखकमहाशयांनी घाट उतरले असतीलही, पण मागे दीड टन टोमॅटो घेऊन नक्कीच नाही. सोबतचा फोटोही चारी चाकांना डिस्क असलेल्या आलिशान गाडीचा. आमच्या पिकअपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. फोटो निवडताना एवढं तरी बघायचं होतं.

माझी पिकअप वॉरंटीत आहे. हंगामात नारायणगावहून माळशेज उतरून कल्याणला माल टाकतो, गाडी स्वतः चालवतो आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरलाच उतरतो. पहिलं वर्षही सरलं नव्हतं तोच ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात नाचायला लागलं आणि पेडल पायाला उलटं मारायला लागलं. सर्व्हिस सेंटरला नेली. सल्लागार म्हणून बसवलेल्या पोराने गाडीकडे न बघताच सांगून टाकलं, ‘काका, डिस्क वेअर अँड टेअरमध्ये येते, वॉरंटीत बसत नाही.’ वर विचारतो, ‘ओव्हरलोड भरत असाल ना?’ मी वजनाच्या काटापावत्या पुढे ठेवल्या. त्यांना त्याने हातही लावला नाही. शेवटी डिस्क लेथवर मारून, म्हणजे घासून सपाट करून, दिली आणि त्याचे पैसे घेतले. दुखणं थोड्याच दिवसांत परत आलं.

येणारच होतं. डिस्क काही पापडासारखी वाकडी होत नाही. बहुतेक वेळा तिची जाडी कुठे कमी, कुठे जास्त होते किंवा तिच्यावर दाबल्या जाणाऱ्या पॅडचा थर एका जागी चिकटून बसतो. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो. डिस्क फिरताना किती डुलते ते बघायला डायल गेज लागतो आणि जाडी बघायला मायक्रोमीटर. लेथवर मारली की डिस्क पातळ होते, पातळ डिस्क लवकर तापते आणि पुन्हा बिघडते. किती पातळ झाली की ती टाकून द्यायची, तो आकडाही बहुतेक डिस्कांवर कोरलेलाच असतो. माझी डिस्क मारण्याआधी आणि मारल्यानंतर किती भरली, हे मी विचारलं. उत्तर आलं, ‘मशीनवर घेतलीय ना काका.’

आता लेखकमहाशयांसाठी एक प्रश्न. घाट उतरून टोकावड्याला चहाला थांबलो तेव्हा डावं पुढचं चाक इतकं तापलेलं होतं की जवळ हात नेववेना. उजवं चाक जेमतेम कोमट. मी ब्रेक जास्त वापरला असेन, तर तो फक्त डाव्या चाकालाच कसा लागला? घाट तर दोन्ही चाकांना सारखाच होता.

आमच्या गावातल्या मेकॅनिकने गाडी जॅकवर घेऊन हाताने चाकं फिरवली. उजवं मोकळं फिरलं, डावं अडकत होतं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनवर सरकतो ती पिन जाम, त्यामुळे पाय काढला तरी पॅड डिस्क सोडत नव्हता. त्याने काही उघडलं नाही, कारण बाहेर उघडलं की वॉरंटी गेली म्हणून सांगायला ही मंडळी टपलेलीच असतात. मी वॉरंटीचं पुस्तक काढून वाचलं. झिजणाऱ्या भागांच्या यादीत पॅड, लायनर, क्लच प्लेट, वायपर, डिस्क सगळं आहे. कॅलिपर नाही. म्हणजे ज्या भागाने डिस्क खाल्ली तो वॉरंटीत बसतो, पण तो बघायचाच नाही, बघायची फक्त डिस्क. आणि डिस्क तर झिजणारच, काका!

हे घेऊन परत गेलो तर नवीनच उत्तर मिळालं: गाडी व्यावसायिक आहे, तुम्ही ग्राहक मंच वगैरे विसरा. हे मात्र साफ खोटं. स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरू नये, हे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलेलं आहे. स्वतः ट्रक किंवा रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच म्हटलं होतं. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर सर्व्हिस सेंटरहून ‘साहेब’ म्हणून फोन आला. पिन अजून जामच आहे.

कंपन्यांनी डिस्क फुकट द्याव्यात, असं माझं म्हणणं नाही. ब्रेकच्या तक्रारीवर चाक उतरवा, कॅलिपर सरकतो का बघा, डिस्क मोजा आणि तो आकडा जॉबकार्डवर लिहून गिऱ्हाइकाला द्या. मग मी दोषी निघालो तर पैसे मोजतो. आणि चाक परत बसवताना गनने खडाखड नट आवळण्याऐवजी ठरल्या जोरानेच आवळायचा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, वापरा. वेडेवाकडे आवळलेले नटसुद्धा डिस्कची वाट लावतात. आपल्या लेखात यातलं काही नव्हतं. चालकांना उपदेश मात्र अर्धा पान होता.

जाता जाता आणखी एक. ही वाहन पुरवणी सुरू झाल्यापासून आतल्या पानावरचा बाजारभावाचा चौकोन गायब झाला आहे. पंचवीस लाखांच्या एसयूव्हीचं सनरूफ कसं उघडतं, हे जुन्नर तालुक्यातल्या किती वाचकांना हवं आहे ते आपणच जाणे. नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा काय भावाने गेला, हे दोन ओळींत मावतं. तेवढी जागा करावी.

आपला,
एक पिकअपवाला, जुन्नर तालुका