हरल्यावर अध्यक्ष कोण ठरवणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

विधानसभेच्या निकालावर भरपूर छापून आलं, पण एका गोष्टीवर कुणी धड बोलत नाही म्हणून लिहितोय. नोव्हेंबर 2024 ला राज्यात काँग्रेसच्या फक्त 16 जागा आल्या आणि त्याच्या पाच-सहा महिने आधी लोकसभेला याच पक्षाने 17 लढवून 13 काढल्या होत्या. बाळासाहेब थोरात संगमनेरला पडले, पृथ्वीराज चव्हाण कराड दक्षिणला पडले, खुद्द प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत 208 मतांनी कसेबसे तरले. मग काय, ईव्हीएमवर खापर फोडून झालं आणि फेब्रुवारी 2025 ला दिल्लीहून नव्या प्रदेशाध्यक्षाचं नाव आलं, हर्षवर्धन सपकाळ. माणूस साधा आहे, जमिनीवरचा आहे म्हणतात, असेलही, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाहीये. पण अजून कोण कोण इच्छुक होतं, त्यातल्या कुणाचं पराभवाबद्दल काय मत होतं, हे आपलं जाऊ द्या, पक्षाच्या साध्या सदस्याला तरी कळलं का?

पुण्यातल्या आमच्या कसब्याचंच बघा ना. मार्च 2023 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास 11 हजारांनी आले, भाजपचा वर्षानुवर्षांचा गड पडला, "हू इज धंगेकर" राज्यभर गाजलं. पुढच्या वर्षी तेच धंगेकर लोकसभेला भाजपच्या मोहोळांकडून हरले, विधानसभेला भाजपच्याच रासनेंकडून हरले आणि मार्च 2025 मध्ये शिंदे सेनेत गेले पण. शहरात काँग्रेसने कसबा, शिवाजीनगर आणि कॅन्टोन्मेंट अशा तीन जागा लढवल्या, तिन्ही गेल्या, आणि त्यातल्या कसबा-शिवाजीनगरला तर घरचेच बंडखोर उभे होते. हे का झालं ते मुंबई-दिल्लीत बसून कसं कळणार? ते कळतं बूथबाहेर टेबल टाकून सकाळी सातपासून चिठ्ठ्या वाटत बसलेल्या पोरांना, कुठल्या वाड्यातनं यंदा कुणी बाहेरच पडलं नाही, कुठल्या सोसायटीत मागच्या वेळी नीट बोलणारे काका यंदा नजर चुकवून गेले, सगळं त्यांना पाठ असतं. आणि प्रदेशाध्यक्ष ठरवताना नेमकं त्यांचंच मत शून्य. ते येतात थेट अभिनंदनाच्या फ्लेक्सवर, खालच्या रांगेत, पासपोर्ट साईज फोटोत.

म्हणजे पक्षाला निवडणूक घेता येत नाही असंही नाही. 2019 ला लोकसभा हरल्यावर राहुल गांधींनी राजीनामा दिला, मग तीन वर्षं हंगामी कारभार चालला आणि ऑक्टोबर 2022 ला एकदाचं मतदान झालं. खर्गेंना 7897 मतं, थरूर यांना 1072. त्याआधी अशी लढत झाली होती ती 2000 साली, सोनिया गांधी विरुद्ध जितेंद्र प्रसाद. म्हणजे राष्ट्रीय अध्यक्षासाठी निदान 22 वर्षांनी तरी मतपेटी निघाली, प्रदेशात मात्र "सर्वाधिकार हायकमांडला" असा एका ओळीचा ठराव केला की झालं काम!

यावर ठरलेलं उत्तर येतं की निवडणूक घेतली तर गटबाजी वाढेल. अहो आत्ता काय कमी आहे का? आणि भाजपमध्ये तरी कुठे मतदान होतं, रवींद्र चव्हाणसुद्धा प्रदेशाध्यक्ष बिनविरोधच झाले, हेही ऐकून झालंय. खरंय ते, पण जिंकणाऱ्याचं खपून जातं, हरलेल्याचं नाही खपत.

तिकडे ब्रिटनमध्ये जुलै 2024 ला हुजूर पक्ष सपाटून हरला, तर त्यांच्या खासदारांनी इच्छुकांमधून दोन नावं उरवली आणि शेवटचं मत साध्या सदस्यांनी दिलं, नोव्हेंबरात केमी बेडनॉक नेत्या झाल्या. मधले तीन-चार महिने प्रत्येक इच्छुकाला आपण का हरलो यावर उघडपणे बोलावंच लागलं. आता सदस्य निवडतील तो जिंकूनच देईल अशी गॅरंटी कुणी देत नाही, मजूर पक्षाने 2015 च्या पराभवानंतर सदस्यांच्या मतांवर कॉर्बिनना आणलं आणि 2019 ला तो पक्ष 202 जागांवर आला. पण ते का आले आणि का गेले हे तिथल्या सदस्याला माहीत होतं, आपल्याकडे नाव येतं तेपण रात्रीत आणि जातं तेपण रात्रीत.

म्हणून पुढच्या वेळी प्रदेशाध्यक्ष बदलायचा झाला तर जे इच्छुक असतील त्यांनी पुण्याला यावं, काँग्रेस भवनाच्या आवारात खुर्च्या टाकाव्यात (1885 चं पहिलं अधिवेशन पुण्यातच व्हायचं होतं, कॉलऱ्यामुळे मुंबईला गेलं, तेवढी भरपाई तरी होईल), स्टेजवर हारतुरे नकोत, बूथवरच्या लोकांना माईक द्यावा आणि मग सदस्यांचं मतदान घ्यावं. फक्त मतदार यादी आधी जाहीर करा म्हणजे झालं, 2022 ला थरूर, मनीष तिवारी अशा खासदारांना नुसती यादी बघायला मिळावी म्हणून पत्र लिहावं लागलं होतं.

आपला,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे