काळजी करू नका, इथे ज्याचं त्याचं कुलूप असतं

ब्रॅम्प्टन, कॅनडा
नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. आज्जीला वेगळा नमस्कार सांगा.

हे पत्र पोचेल तोवर येळ्ळूरच्या शिवारातली मळणी उरकलेली असेल. फोन होतोच, पण फोनवर आई "जेवलास काय?" विचारते, मी "जेवलो" म्हणतो, आणि मनातलं तसंच राहतं. म्हणून सविस्तर लिहितोय. धाकट्यानं हे मोठ्यानं वाचून दाखवावं आणि करंटचा भाग गाळू नये. तो आईसाठीच लिहिलाय.

तब्येत चांगली आहे. आक्काची चटणी अजून पुरवून खातोय. थंडीचे कपडे कामावरून मिळालेत आणि ते मी घालतो.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही जरा तडकूनच विचारलंत की आयटीआय झालेल्या, उद्यमबागेतल्या फौंड्रीत इतकी वर्षं राबलेल्या पोराला परत परीक्षा कशाला. पण यात कुणी मला कमी लेखलेलं नाही. इथल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वायरमनचं काम लायसन्सशिवाय करताच येत नाही, मग माणूस कुठलाही असो. इथल्या पोरालासुद्धा ९००० तास उमेदवारी करावी लागते, त्यातले ७२० तास वर्गात, आणि त्यानंतर परीक्षा. तुम्ही फौंड्रीत हेलपाटे घालून अनुभवाचं पत्र आणलंत, म्हणून माझे तिकडचे तास धरले गेले आणि थेट परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. नाहीतर पुढची चार-पाच वर्षं त्यातच गेली असती. तोवर लायसन्सवाल्या माणसाच्या हाताखाली काम चालूच आहे, पगारही वेळेवर होतो.

पास व्हायला ७० टक्के लागतात. नियमांचं जाडजूड पुस्तक आहे, ते दर तीन वर्षांनी नवं निघतं. पाठ करून भागत नाही. कुठला नियम कुठे आहे ते चटकन सापडलं पाहिजे आणि गणित सुटलं पाहिजे. परवा रात्री सरावाला आपलंच घर घेतलं, त्याला किती अँपिअरची जोडणी लागेल ते काढायला. माडी धरून १६० चौरस मीटर होईल. पहिल्या ९० चौरस मीटरला ५००० वॅट, त्यापुढे ९० किंवा त्याहून कमी राहिलं तरी आणखी १०००. झाले ६०००. इथे स्वयंपाक बहुतेक विजेवरच, त्या शेगडीचे ६०००. एकूण १२०००, भागिले २४० व्होल्ट, म्हणजे ५० अँपिअर. पण एवढ्या मोठ्या घराला १०० अँपिअरच्या खाली जोडणी चालतच नाही! आपल्या घरात मोटर, मिक्सर आणि टीव्ही एकदम लावला की दिवे मंद होतात, ते आठवलं. गणित पुस्तकातल्या पद्धतीनं बरोबर आलं तेव्हा फार बरं वाटलं, सांगायला जवळ कुणी नव्हतं.

धाकट्या, तुझ्यासाठी एक. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी वायर न्यूट्रल ना? इथे काळ्यात करंट असतो आणि पांढरी न्यूट्रल. बटणंही वर केली की चालू होतात. म्हणून आधी टेस्टर लावायचा, रंगावर जायचं नाही. तूही तीच सवय ठेव.

आता आई, तुझा प्रश्न. गावात पंपावर जे झालं ते तुझ्या डोळ्यांपुढून जात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून इथली एक रीत नीट सांगतो, कारण पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही ती कळेना. कामाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करतात आणि त्यावर लोखंडी पकड बसवतात. तिला ओळीनं भोकं असतात. जितकी माणसं कामावर तितकी कुलपं तिला लागतात, प्रत्येकाचं वेगळं. माझं लाल आहे, सोबत माझं नाव आणि फोटो असलेला बिल्ला अडकवलेला. किल्ली फक्त माझ्या खिशात. माझं काम संपून मी स्वतः येऊन कुलूप काढेपर्यंत मुकादमसुद्धा लाइन चालू करू शकत नाही. सहा माणसं असली आणि पाच जेवायला गेली, तरी सहाव्याचं कुलूप आहे तोवर लाइन बंदच. परवा एकजण कुलूप न काढता घरी गेला, तर अख्खा मजला थांबून राहिला. त्याला फोन करून परत बोलावलं, त्यानं काढलं, मगच स्विच वर गेला. कुणी कुरकूर केली नाही. आपल्याकडे डीपीजवळ एकाला उभा करतात, तो "सोडू काय?" म्हणून ओरडतो, आणि वाऱ्यात "नको" ऐकू आलं नाही तर काय होतं ते आपण पाहिलंय. कुलपानंतरही टेस्टर लावूनच वायरीला हात लावतात. तेव्हा आई, तू चांगळेश्वरीला नवस बोललीस ते राहू दे, पण रात्री झोपत जा.

एकटा आहे असंही समजू नका. खोलीत निपाणीकडचा एकजण आहे, भात छान करतो. गणपतीत आम्ही आरती केली. बेळगावचा गणपती आठवला एवढंच, बाकी काही नाही.

आता मुख्य. आक्काचा साखरपुडा ठरला, फार आनंद झाला. मुलगा शिकलेला, घर माहितीतलं, नाही म्हणण्यासारखं काही नाही. पण परीक्षा त्याच आठवड्यात आहे आणि ती पुढे ढकलली तर सगळंच लांबतं. आक्का रुसली आहे, फोनवर बोलत नाही. तिला सांगा, लग्नाला मी येणार. तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यांना हात लावत नाही.

बाबा, लग्नासाठी खालचा तुकडा गहाण टाकायचं मनात आणू नका. मला पाठवायला एकदा कर्ज काढलंत तेवढं पुरे झालं. सोसायटीचा हप्ता या महिन्यात मी भरतो, पिग्मीची बचत मोडू नका. मंडपाचा आणि जेवणाचा खर्च माझ्याकडे. सोन्याचं मामांशी बोलून कळवा, मी फेब्रुवारीपर्यंत जमवतो. लायसन्स मिळालं की पगार वाढतो, त्यामुळे ओढाताण होणार नाही.

माझ्यासाठी आलेल्या स्थळाला सध्या काही कळवू नका. आईनं फोटो मागून घेतलाय असं धाकट्याकडून कळलं. राग नाही, पण आधी आक्काचं होऊ दे. मुलीकडच्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन सुगीनंतर नक्की करा. पैसे सोमवारी खात्यावर येतील, ते त्यासाठीच आहेत, लग्नात घालू नका.

आपला,
बाळू

ता. क. साखरपुड्याला आक्काच्या शेजारी धाकट्याला उभा करा, आणि फोटो त्याच रात्री पाठवा.