लोकमत कुणी विचारलं, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स.न.वि.वि.

मी कोकणातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीत असताना दर निवडणुकीला ड्युटी लागायची आणि बहुतेक वेळा बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे यायचं. काजूगर सोलून काळी पडलेली बायकांची बोटं समोर यायची. त्यांवर शाई उठून दिसत नसे, म्हणून नखाच्या मुळाशी नीट रेघ ओढावी लागे. या बायकांच्या दारात मतं मागायला येणारे सगळे मी पाहिलेत. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाबाबत लोकांना काय चालेल आणि काय नाही, याबद्दल मी लिहिते आहे ती एवढ्या अधिकाराने.

दोन वर्षांपूर्वी मी एका लोकप्रतिनिधींना भेटले. माझा मुलगा समलिंगी आहे, आठ वर्षं जोडीदाराबरोबर पुण्यात राहतो. त्यांना लग्न करता यावं यासाठी आपण बोलावं, एवढीच विनंती घेऊन गेले होते. ते वाईट बोलले नाहीत. चहा दिला. म्हणाले, "बाई, मला स्वतःला काही अडचण नाही. पण लोकांना चालणार नाही. उद्या मतं मागायला मलाच दारोदार जायचंय." परतीच्या एसटीत मी तेच वाक्य घोळवत बसले होते. हे लोक म्हणजे कोण? त्यांना विचारलं कधी?

लोकसभेत काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं आणि बदल करायचा तर संसदेने करावा असं सांगितलं. डिसेंबर २०१५ मध्ये खासदार शशी थरूर यांनी त्यासाठी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, आणलं. ते मांडायलाच परवानगी नाकारली गेली: विरोधात ७१, बाजूने २४. मार्च २०१६ मध्ये पुन्हा तेच, ५८ विरुद्ध १४. खासगी विधेयक मांडताना सहसा कुणी अडवत नाही, ही सभागृहाची रीत आहे. इथे ती मोडली, चर्चा झालीच नाही. आणि सव्वापाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात शंभर जणांनीही कौल दिला नाही. बाकीचे कुठे होते? शुक्रवारची दुपार होती, एवढंच मला माहीत आहे. लोकमताचा धाक असा असतो का, की माणूस विरोधातही मत देत नाही, नुसता गैरहजर राहतो?

पुढे २०१८ मध्ये केंद्राने ३७७ चा निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोडला, आणि ६ सप्टेंबरला न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. २०२३ मध्ये विवाहाचा प्रश्न आला तेव्हा केंद्र म्हणालं, हा विषय संसदेचा. ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असंही म्हणालं. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयानेही चेंडू संसदेकडे टाकला. संसदेत त्याआधीच, एप्रिल २०२२ मध्ये, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं. लोकसभा विसर्जित झाली आणि ते तिच्याबरोबर गेलं. दहा वर्षं हे असं इकडून तिकडे चाललंय, आणि माझ्या मुलाचं वय वाढतंय.

आता लोकमत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या पाहणीत, समलैंगिकता समाजाने स्वीकारावी असं म्हणणारे भारतीय २०१४ मध्ये १५ टक्के होते, २०१९ मध्ये ३७ टक्के. मधे काय घडलं? ३७७ चा निकाल. २०२३ मध्ये थेट विवाहाच्या मान्यतेबद्दल विचारलं, तेव्हा ५३ टक्के अनुकूल होते आणि ४३ टक्के प्रतिकूल. प्रश्न वेगळे, त्यामुळे हे आकडे एकाखाली एक मांडता येणार नाहीत, हे मला समजतं. पण "लोकांना चालणार नाही" हे वाक्य यातल्या कुठल्या आकड्यावर उभं आहे?

मला स्वतःला विचाराल तर, कुणाचं लग्न हा मतं मोजायचा विषयच नाही. तैवानमध्ये २०१८ च्या सार्वमतात लोक विरोधात गेले होते. तरी न्यायालयाच्या निकालाला धरून तिथल्या संसदेने २०१९ मध्ये ६६ विरुद्ध २७ मतांनी कायदा केला. पण आपण लोकांचं नाव पुढे करणार असाल, तर निदान लोकांकडे बघा तरी.

मालवण तालुक्यातलं वराड बघा. आयर्लंडचे नेते लिओ वराडकर यांचे वडील तिथल्या घराण्यातले. आयर्लंडमध्ये मे २०१५ मध्ये सार्वमत होऊन ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. त्याच वर्षी जानेवारीत वराडकर मंत्री असताना आपण समलिंगी असल्याचं रेडिओवर बोलले होते, आणि दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबासह वराडला आले, तेव्हा त्यांच्याबद्दल पेपरांत सगळं छापून आलेलं होतं. गावाने त्यांचं स्वागत केलं. वराड शहरी नाही आणि उच्चभ्रू तर मुळीच नाही.

माझ्या घरचं सांगते. मुलगा जोडीदाराला पहिल्यांदा गणपतीला घेऊन आला तेव्हा मी शेजारी "मित्र" सांगितलं. शेजारची आजी ऐंशीच्या घरातली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी आरती संपली, तिने ताट त्या मुलाच्या हातात दिलं आणि मला विचारलं, "दोघय जेवले काय गो?" तिच्या बोटालाही मी शाई लावलेली आहे.

सरकारने २०२४ मध्ये अशा जोडप्यांसाठी संयुक्त बँक खातं आणि रेशनकार्डाबाबत सूचना काढल्या, त्याबद्दल मनापासून आभार. त्यावरून कुठे मोर्चा निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण मुलाच्या जोडीदाराला वारसा, दत्तक, पेन्शन यातलं काहीही त्याने मिळत नाही.

म्हणून मागणी एवढीच. विशेष विवाह कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक सरकारने स्वतः आणावं. त्यावर सत्ताधारी पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, काढू नये. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडला की खासदारकी जाऊ शकते, मग मतदारांचं ऐकायला खासदाराला मोकळीक राहते कुठे? आणि आवाजी मतदान नको. मत नोंदवून घ्यावं, नावासकट. माझ्या खासदारांनी कुठलं बटण दाबलं किंवा त्या दिवशी ते कुठे होते, हे मला कळलं पाहिजे. विरोधात दिलं तर विरोधात. मी त्यांच्याशी जाऊन बोलेन, त्या आजीलाही बरोबर नेईन.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक मतदार आणि आई