म्यानमार: डाळ येऊ द्या, विमानाचे इंधन अडवा

संपादक महोदय,

म्यानमारच्या लष्कराने 1 फेब्रुवारी 2021 रोजी सत्ता बळकावली, तेव्हापासून ‘त्या देशाशी सगळा व्यापारच तोडा’ ही मागणी अधूनमधून कानावर येते. संताप रास्त आहे, पण हा उपाय एकदा करून झाला आहे. अमेरिकेने 2003 मध्ये म्यानमारच्या मालावर सरसकट आयातबंदी घातली. कपड्यांचे कारखाने बंद पडले, शिलाईवर पोट असलेल्या हजारो मुली बेकार झाल्या. सेनापतींना मात्र थायलंडला विकलेल्या नैसर्गिक वायूचे डॉलर मिळतच राहिले.

म्हणून आधी पाहायचे ते हे, की लष्कराच्या हाती परकीय चलन येते कुठून आणि ते खर्च होते कशावर. वायूचा पैसा ‘मोगे’ या म्यानमारच्या सरकारी तेल-वायू कंपनीकडे जातो. युरोपीय संघाने तिच्यावर फेब्रुवारी 2022 मध्ये निर्बंध घातले. अमेरिकेने तिला आर्थिक सेवा देण्यास मनाई केली, तीही डिसेंबर 2023 पासून. जवळजवळ तीन वर्षे उशीर झाला.

बँकांच्या बाबतीत तर पळवाट डोळ्यांदेखत निघाली. जून 2023 मध्ये अमेरिकेने म्यानमारच्या दोन सरकारी बँका निर्बंधांच्या यादीत टाकल्या. लष्कराने व्यवहार तिसऱ्या सरकारी बँकेकडे वळवले. म्यानमारमधील मानवी हक्कांवर लक्ष ठेवणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या 2024 च्या अहवालानुसार, सिंगापूरमधून होणारी लष्करी खरेदी वर्षभरात सुमारे 11 कोटी डॉलरवरून 1 कोटीवर आली, कारण तिथल्या सरकारने चौकशी लावली. त्याच वर्षी थायलंडमधली खरेदी दुपटीने वाढली. एकूण खरेदी घटली, म्हणजे निर्बंध लागू पडतात. पण शेजाऱ्यांनी एकत्र दार लावले नाही, तर माल पुढच्या दाराने येतो.

सर्वांत तातडीचे आहे विमानाचे इंधन. 11 एप्रिल 2023 रोजी म्यानमारच्या सगाईंग प्रांतातल्या पाझीजी गावावर लष्कराने हवाई हल्ला केला, दीडशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत मुले होती. हे इंधन थेट येत नाही. वाटेत मालकी बदलते, दुसऱ्या देशाच्या टाक्यांत साठवले जाते, मग छोट्या जहाजाने यांगूनजवळ उतरते. त्यामुळे केवळ पहिल्या विक्रेत्याला पकडून भागत नाही. जहाज, त्याचा विमा आणि साठवण टाकीचा मालक या तिघांवरही बंदी हवी.

भारताचे काय? डिसेंबर 2022 मध्ये सुरक्षा परिषदेतील म्यानमारविषयीच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो. अँड्र्यूज यांच्याच 2023 च्या अहवालात भारतातून म्यानमारच्या लष्कराला गेलेला शस्त्रे व संबंधित माल 5 कोटी 10 लाख डॉलरचा नोंदवला आहे. म्यानमारच्या श्वे वायूक्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांचा अनुक्रमे 17 आणि साडेआठ टक्के वाटा आहे, तिथे ‘मोगे’ आपली भागीदार आहे.

महाराष्ट्राच्या ताटाशी संबंध येतो तो तूर-उडदाचा. 2021 च्या करारानुसार म्यानमारमधून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खासगी व्यापारातून यायची होती. ही डाळ पिकवतो तो शेतकरी. त्याचीही लूट होते: एप्रिल 2022 पासून लष्करी सरकारने निर्यातीचे डॉलर सक्तीने क्यात या म्यानमारच्या चलनात बदलायला लावले, ऑगस्ट 2022 नंतर सरकारी दर होता डॉलरला 2,100 क्यात, बाजारात मात्र तो पुढे तीन हजारांवर गेला. मधला फरक शेवटी खरेदीच्या भावातून कापला जातो.

इथे 2024 मध्ये सुरू झालेली, डॉलरऐवजी रुपया-क्यातमध्ये व्यापार करण्याची व्यवस्था उपयोगी पडू शकते. डॉलरने रशियाची विमाने घेता येतात. व्होस्ट्रो खात्यातला, म्हणजे परदेशी बँकेने भारतीय बँकेत उघडलेल्या रुपया खात्यातला पैसा मुख्यतः भारतातच खर्चावा लागतो. मग भारतातून काय जाऊ द्यायचे, हे आपल्याच हाती राहते. सरकारने म्यानमारला विमान इंधन, शस्त्रांचे भाग आणि रडार यांची परवान्याविना निर्यात बंद करावी, आपल्या सरकारी कंपन्यांना असा परवाना देणेही थांबवावे, आणि त्या खात्यांच्या पलीकडे कोणती म्यानमारी बँक आहे ते जाहीर करावे.

आपला,
परराष्ट्र व्यापाराचा एक अभ्यासक, नवी मुंबई