आळणीतच भाज्या टाक

लश्कर, ग्वाल्हेर

चि. राणी,
अनेक आशीर्वाद.

खोलीत एकच शेगडी, एकच पातेलं, म्हणून तू रोज ब्रेडवर भागवतेस हे तुझ्या आईला कळलं आणि पत्राचं काम माझ्याकडे आलं. मटणाचं खातं माझं ना! अगं, डब्लिनमध्ये बसून एका पातेल्याची काय तक्रार करतेस? आयरिश स्टू म्हणजे मुळात मटण, बटाटे, कांदे आणि पाणी. लोकर आणि दूध देऊन थकलेल्या मेंढीचं चिवट मांस, म्हणून तासन्‌तास मंद आचेवर. गाजर घालावं की नाही यावर तिथले लोक भांडतात म्हणे. तू खुशाल घाल.

मसाला पडायच्या आधी तुला वाटीत आळणी प्यायला द्यायचो, तीच ही समज.

खाटकाकडे मांडी मागू नकोस. मी इथे दस्त आणि गर्दन सांगतो, तसा तू खांदा किंवा मान घे, हाडासकट. त्यातला चिवटपणाच हळूहळू विरघळतो आणि रस्सा बोटांना चिकटेल इतका दाट होतो. मांडी नुसती कोरडी पडते.

मटण गार पाण्यातच घाल, वर चार बोटं पाणी. तापताना करडा फेस येईल, तो पळीने काढत राहा. फेस थांबला की मीठ, सात-आठ मिरे, ठेचलेलं आलं, तमालपत्र, चिमूटभर हळद. बटाट्याच्या दोन-चार पातळ चकत्या आत्ताच सोड, त्या विरघळून रस्सा आळतो. मग आच इतकी कमी कर की मधूनच एखादा बुडबुडा यावा. खळखळ उकळलंस तर मटणाचे दोरे होतात आणि रस्सा गढूळ.

तास-सव्वा तासाने सुरी सहज शिरायला लागली की अर्धे कापलेले कांदे, गाजर आणि शलगम. थंडीत इथे शलगमचे ढीग लागतात आणि आपली मराठी माणसं तोंड फिरवून पुढे जातात! मटणात खाऊन बघ, मग बोल. दहा मिनिटांनी बटाट्याच्या मोठ्या फोडी, आणि अगदी शेवटी कोबी, देठासकट चार भाग करून. कोबी आधी टाकलास तर सगळ्या मजल्याला वास जाईल आणि घरमालकीण वर येईल.

तिकडच्या कोकराला चरबी फार. उरलेलं निवलं की फ्रीजमध्ये ठेव. सकाळी वर पांढरा थर जमतो, तो चमच्याने उचलून टाक. दुसऱ्या दिवशी चव जास्त लागते.

आईने दिलेली काळ्या मसाल्याची पुडी यात उघडू नकोस. अर्धा चमचा जरी पडला तरी ना धड आपला रस्सा, ना धड त्यांचा. तिखट हवंच असेल तर ताटात हिरवी मिरची घे.

आई विचारते, पातेल्याला झाकण आहे का? नसेल तर ताटली ठेव, पण उचलताना फडकं घे.

तुझे
बाबा