दगड टाकण्याआधी वाळूचा हिशेब मांडा

मा. जलस्रोत मंत्री, गोवा सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की किनारी गावांतून एकच मागणी होते: दर्या आत येतोय, बांध घाला. केरीत सुरूची झाडे मुळासकट आडवी झालेली पाहिली की मागणाऱ्यांना दोष देववत नाही. तरीही आमची विनंती उलटी आहे. दगडाची निविदा काढण्याआधी वाळू येते कुठून आणि जाते कुठे, ते पाहा.

मृगाच्या उधाणात उंच लाटा एकामागोमाग आपटतात. पहिलीचे पाणी मुरायच्या आत दुसरी येते आणि परतताना वाळू ओढून नेते. ती हरवत नाही, थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा, म्हणजे लांबट उंचवटा, होतो. दर्या निवळला की लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. ऐन पावसाळ्यात हलकी वाळू धुपून काळी, जड वाळू उघडी पडते, पुढे ती पुन्हा झाकली जाते. हे रांपणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, कोणी शिकवावे लागत नाही. जुलैच्या फोटोवरून कायमची धूप ठरवू नये, ते यासाठीच.

वाळू आडवीही चालते. लाट तिरपी चढते, पाणी मात्र उतारावरून सरळ खाली येते, तेव्हा कण दर खेपेला थोडा पुढे सरकतो. पावसाळी लाटा पश्चिम-नैर्ऋत्येच्या, उन्हाळ्यात वायव्येचा वारा, म्हणून दिशाही पालटते. ही ये-जा दोन भूशिरांमधल्या अख्ख्या पट्ट्याची असते, आपल्या निविदा मात्र गावागणिक. जून 2000 मध्ये कांदोळीला रुतलेल्या 'रिव्हर प्रिन्सेस'च्या आडोशाला वाळू साचली आणि शेजारचा किनारा खचला. एका जहाजाने एवढे केले!

उभ्या भिंतीवर आपटलेली लाट पायथा खरवडते, आणि भिंतीमागे वाळूच्या टेकड्या कोंडल्या जातात. या टेकड्या म्हणजे किनाऱ्याचे पुरुमेंत, अडचणीच्या दिवसांसाठी राखलेले. त्यांवरची वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटून शॅक उभारायचे आणि मग बांध मागायचा, हा आमचाही दुटप्पीपणाच.

तेव्हा निविदेआधी पूर्ण वर्षभर, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, भूशिरापासून भूशिरापर्यंत किनाऱ्याचे मोजमाप व्हावे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला, हाकेच्या अंतरावर आहे. नदीच्या मुखातून उपसलेली स्वच्छ वाळू विकण्याऐवजी त्याच पट्ट्यात परत टाकावी. आणि पुढच्या कोणत्याही बांधाच्या प्रस्तावाला हे मोजमाप जोडले आहे की नाही, ते दोन्ही बाजूंच्या पंचायतींना लेखी कळवावे.

आपला,
पेडण्यातील एक नागरिक