आशाताई, तुम्ही काटा सोप्याकडे फिरवलात

ताई, नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमचे आभार चार लोकांसमोर मानायचे आहेत, कारण माझ्या दुधाला नावं ठेवली गेली तीही चार लोकांसमोरच. तुम्ही आमच्या गावच्या आशा स्वयंसेविका, पण तुमचं खरं नाव मुद्दाम लिहीत नाही. तासगावच्या आमच्या बाजूला ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

काल रात्री लेक पावणेअकराला प्यायली आणि थेट साडेतीनला उठली. मधल्या वेळात मी झोपले. बाळंतपणापासून अशी सलग झोप मिळाली नव्हती. आज सकाळी वेणी घालताना हात थरथरत नव्हते, आणि ह्यांनी काही विचारलं तर पहिल्याच हाकेला मला ऐकू आलं. जिला रात्रभर तासातासाला उठावं लागतं, तिलाच याचं मोल कळेल.

खरं तर तुम्ही यायचं काही कारण नव्हतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. त्या सगळ्या भेटी तुम्ही केल्या होत्या. पुढची भेट तिसऱ्या महिन्यातली. त्या दिवशी तुम्ही शेजारी लसीकरणाचा निरोप द्यायला आला होतात. आमच्या दारावरून जाताना माझा चेहरा पाहिलात आणि चपला काढून आत आलात.

तोवर सल्ला दिला नाही असं माणूस उरलं नव्हतं. दूध पातळ आहे. पोट भरत नाही म्हणून उठते. रात्री गाईच्या दुधात पाणी घालून पाज. घुटीत मध चाटव. शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लेकीचं वजन केलं नाही, दिवसातून किती वेळा शू होते ते विचारलं नाही, मी कशी पाजते ते पाहिलं नाही. डब्याची पावडर लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. इतकं शिकलेला माणूस दोन प्रश्न विचारू शकत नाही? त्या चिठ्ठीनं घरात माझ्यावर शिक्काच बसला. सासूबाई वाईट नाहीत हो. त्यांचीही झोप उडाली होती, आणि ऐन छाटणीच्या दिवसांत त्यांचा लेक डोळे चोळत पहाटे बागेत औषध मारायला जातो हे त्यांना बघवत नव्हतं. पण सगळ्यांच्या जागरणाचं बोलणं मलाच खावं लागत होतं.

तुम्ही पिशवीतून झोळीचा काटा काढलात आणि लेकीला झोळीत घातलंत. मला वाटलं, आकडा वहीत लिहून घ्याल आणि हळूच मला सांगाल. तुम्ही दाराशी उभ्या राहिलात, काट्याचं तोंड सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसलेल्या मंडळींकडे फिरवलंत आणि सासूबाईंना म्हणालात, “मावशी, वाचा की किती आलंय.”

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. चार किलो सातशे. जन्मताना दोन सातशे होती.

“दोन किलो वाढलीय पोरगी, नुसत्या आईच्या दुधावर. दूध कमी असतं तर वाढली असती का?” एवढंच बोललात. आवाज चढवला नाहीत, कुणाला टोमणा मारला नाहीत. सोप्यात कुणाला त्यावर बोलायला काही राहिलंच नाही. ताई, लेकीची झोप नंतर सुधारली, पण माझी मान त्या क्षणी वर झाली. तो आकडा मला एकटीला सांगितला असतात तर मी तो रोज घरात सांगत बसले असते आणि कुणी ऐकला नसता. सासूबाईंनी स्वतःच्या तोंडानं वाचला, म्हणून तो घरात टिकला.

मग उठण्याचं कारण समजावलंत. लेक आठाला पिऊन झोपते, तिची पहिली लांब झोप अकराच्या आसपास संपते, आणि नेमकी तेव्हाच मी भांडीकुंडी आवरून अंथरुणाला पाठ टेकते. मग मी झोपायच्या आधीच तिला झोपेत उचलून पाजायचं, म्हणजे तिची पुढची झोप आणि माझी झोप एकाच वेळी पडेल. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. ओठाला लावलं की ती डोळे मिटूनच ओढायला लागते. ढेकर काढून परत पाठीवर निजवायचं. आणि तिला पाळण्यातून उचलून माझ्या मांडीवर द्यायचं काम सासूबाईंना दिलंत, “मावशी, तुमचा हात हलका आहे” म्हणून. आता साडेदहा वाजले की त्याच मला हाक मारतात.

पहिल्या काही रात्री तरीही ती लवकर उठायची. पण रात्रभर झोपेल असा शब्द तुम्ही दिलाच नव्हता, आणि म्हणूनच माझा तुमच्यावर विश्वास बसला. आईचं दूध लवकर पचतं, या वयात रात्री एक-दोनदा तरी पाजावंच लागतं, आणि दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रात्रीच जास्त स्रवतं, म्हणून रात्रीचं पाजणं तोडू नकोस, म्हणालात. हा उपाय सगळ्याच बाळांना लागू पडत नाही, जास्तच उठायला लागली तर सोडून दे, हेही सांगितलंत. शेजारची नुकतीच बाळंत झालेली सून ऐकत होती. तिला वेगळं सांगितलंत, की बाळाचं वजन नीट भरेपर्यंत झोपलेल्यालाही दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातून बॉट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नाही.

सरकार तुम्हाला कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं. कामागणिक मोबदला, आणि तो वाढवून घ्यायलाही मोर्चे काढावे लागतात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा मी ती बातमी वाचून पुढे गेले होते. आता वाटतं, गौरव करायला असंच माणूस हवं. तुम्ही सासूबाईंना खोटं पाडलं नाहीत, मला बिचारी केलं नाहीत, आणि तरी खरं तेच सांगितलंत. अशी माणसं गावोगावी आहेत, वही आणि काटा घेऊन उन्हात चालत फिरतायत. त्यांना दारात उभं ठेवून बोलणाऱ्यांचा मला आता मनापासून राग येतो.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला याल तेव्हा घाईत येऊ नका, जेवूनच जायचं. हा निरोप सासूबाईंचा आहे. आणि माझ्या नणंदेला सातवा लागलाय, बाळंतपणाला ती इथेच येणार आहे. तिच्याशी एकदा बोला, बाळ व्हायच्या आधीच, आणि बोलाल ते सोप्यात बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला.

तुमची,
वरच्या आळीतली बाळंतीण